खंड्याचं मीठ

युसूफ वडगावच्या पुढे, केजच्या रस्त्याला लागून एक मुरमाड माळ आहे. आता तिथं सोयाबीन पेरतात. जीपमधून जाताना नातसुना विचारतात, आजी, त्या माळाकडं एवढं काय बघता? मी म्हणते, काही नाही ग. पण मला तिथं अजून पाचटाचे आडोसे दिसतात, टँकरखाली रांगेनं लावलेल्या घागरी दिसतात, दावणीला उभी आख्ख्या पंचक्रोशीची जनावरं दिसतात. त्या दुष्काळात आमच्या दूध सोसायटीनं तिथं छावणी चालवली होती. माणसं घरं सोडून जनावरांपाशी राहायला आली होती. आम्ही दोघंही होतो. मी, आमचे मालक, एक बैलजोडी, एक गाय. आणि खंड्या.

खंड्या आमच्या लेकाचा, उत्तरेश्वरचा कुत्रा. तांबूस, एक कान मोडलेला. उत्तरेश्वर दरसाल ऊसतोडीला जायचा तेव्हा तोही ट्रॅक्टरमागं पळत जायचा आणि पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की त्याच्याबरोबरच परत यायचा. त्या साली संक्रांतीच्या सुमाराला तिकडं सांगली भागात उत्तरेश्वर जिवानिशी गेला. ट्रॉलीखाली सापडला, एवढंच आमच्या कानावर आलं. टोळीतला बिभीषण त्याला घेऊन आला. आमच्याच भावकीतला, उत्तरेश्वरच्या बरोबरीचा. माती झाल्यावर काही दिवसांनी तो पुन्हा आला, उत्तरेश्वरची वळकटी आणि खंड्याला घेऊन. दारात उभा राहून म्हणाला, "तात्या, कसं झालं ते सांगायचंय."

मालक ओट्यावर बसले होते. ते म्हणाले, "मला ऐकायचं न्हाई. परत या दारात येऊ नको."

बिभीषण गेला. खंड्या राहिला.

माझं लेकरू गेलं तेव्हा मी रडले. बायका आल्या, गळ्यात पडल्या, मी रडले. मालक रडले नाहीत. त्यांनी बैलांना पाणी पाजलं, विहिरीचा तळ बघून आले, सोसायटीच्या बैठकीला गेले. उत्तरेश्वरचं नाव त्यांच्या तोंडातून गेलं ते गेलंच. मला वाटायचं, हे आतून फुटून जातील.

मग खंड्यानं भाकरी सोडली.

पहिल्यांदा मालकांच्याच लक्षात आलं. दुधात कुस्करलेली भाकरी तशीच पडलेली. खंड्या वळकटीपाशी पडला होता. त्या वळकटीत उत्तरेश्वरचं बनियन होतं, घामानं कडक झालेलं, धुवायचं राहिलेलं. खंड्यानं ते बाहेर ओढलं होतं आणि दोन पायांत धरून चाटत होता. चाटता चाटता थांबायचा, डोळे मिटायचा, पुन्हा चाटायचा.

मालक त्याच्याकडं बघत उभे राहिले. मग मला म्हणाले, "बघ. मुकं जनावर हाय, पण पोराला विसरंना."

तेव्हापासून त्यांना बोलायला विषय मिळाला. पोराबद्दल नाही, खंड्याबद्दल. आज त्यानं दोनच घास खाल्ले. आज ओकला. आज उठताना मागचे पाय थरथरले. येईल त्याला ते सांगायचे. लोकही बघायला यायचे, हळहळायचे. आमच्याकडं हे नवं नाही. दसरा झाला की अर्धं गाव तोडीला निघून जातं, कुलपं लागतात, आणि मागं राहिलेली कुत्री महिना महिना दारात पडून असतात, वाळतात. कुत्र्यानं अन्न सोडलं म्हणजे ते कुणाची तरी वाट बघतंय, एवढं आमच्या गावात लहान लेकरालाही कळतं. त्यामुळं खंड्याला काय झालंय हे कुणीच कुणाला विचारलं नाही.

मी ते बनियन एकदा धुवायला घेतलं होतं. मालक अंगावर धावून आले. "असू दे. त्याला तेवढाच आधार हाय."

त्याला म्हणजे कुणाला, हे मी विचारलं नाही.

होळीच्या आधी आम्ही छावणीत गेलो, ती वळकटीही बरोबर नेली. तिथं जनावरांपुढं ऊस पडायचा. हिरवा चारा कुठंच नव्हता, म्हणून उसाची कुट्टी. ज्या उसापायी लेकरू गेलं तोच ऊस आमचे बैल कराकरा चावायचे आणि मी बघत बसायची.

छावणीत आल्यावर खंड्या मात्र सुधारला. थोडं खायला लागला. दावणीदावणीनं फिरून यायला लागला. मालक म्हणाले, "चार माणसांत आला, जरा मन लागलं." शेजारच्या आडोशाला पैठणच्या वाडीची सारजाबाई होती, तोंडानं फटकळ, मनानं चांगली. ती म्हणाली, "बंकटभाऊ, त्याचं मन कशात लागलंय ते बघा आधी! तुमचं कुत्रं माझ्या म्हशीची वीट खातंय."

सोसायटीनं प्रत्येक दावणीला क्षाराची चाटण वीट दिली होती. खारट असते, जनावरं चाटतात, उन्हाळ्यात अंगात ताकद राहते. आम्ही बघितलं तर खंड्या म्हशीच्या पायांत पडून विटेला जीभ घासत होता. म्हैस त्याच्यावर फुसकारत होती, शिंग दाखवत होती, तरी तो हलत नव्हता.

"खरूज होईल त्याला," मी म्हटलं. आमच्याकडं कुत्र्याला कुणी मीठ देत नाही. मिठानं कुत्र्याची केसं झडतात असं म्हणतात. आमचे मालक तर त्याच्यासाठी भाकरीसुद्धा अळणी थापायला लावायचे.

"त्याच्या खरजंचं मला काय सांगती सत्यभामा," सारजाबाई म्हणाली. "त्यानं चाटलेली वीट माझी म्हैस तोंडाला लावंना. महाराणी हाय ती." आणि तिनं वीट तारेला बांधून उंच मेढीला टांगली. तिचं बघून सगळ्यांनीच टांगल्या. मालकांनीही.

त्यानंतर खंड्या पुन्हा बनियनापाशी येऊन पडला. आणि एका दुपारी बैलांना पाण्यावर नेताना तो मागून निघाला, थोडा चालला आणि मातीत बसला. मग आडवा झाला.

त्या दिवशी दूध संघाचे मोहनराव डॉक्टर छावणीत होते. उंच, वाकलेले, खांद्याला कायम एक कळकट पिशवी. एका गाभण गायीला बघत होते. मालकांनी कुत्र्याला उचलून त्यांच्यापुढं ठेवलं. मोहनरावांनी खंड्याचे ओठ वर करून हिरड्या बघितल्या, पाठीची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. मग छातीला नळी लावली, आणि बराच वेळ काढलीच नाही.

"काय झालं डॉक्टर?" मालकांनी विचारलं.

"अंगात पाणी न्हाई राहिलं ह्याच्या. असं जनावर असलं की काळीज धडधड धडधड पळत असतं. ह्याचं सावकाश चाललंय. जसं काही निवांत झोपलाय." त्यांनी पुन्हा नळी लावली. "असं का?"

बैलाला लावायची सलाईनची बाटली त्यांनी लिंबाच्या फांदीला टांगली आणि खंड्याच्या पायात सुई घातली. आम्ही बसून राहिलो. बाटली संपत आली तसा खंड्यानं डोकं उचललं. मग उठून बसला, आणि सारजाबाईच्या हातातल्या भाकरीकडं बघायला लागला.

"अगं बया!" सारजाबाई म्हणाली. "मेलेलं उठलं की. डॉक्टर, आमच्या सासूला पण लावा एक बाटली."

"तुमची सासू कधी गेली?"

"जाती कशाला? बसलीय तिकडं, सकाळधरनं उठंना."

सगळे हसले. मालक हसले नाहीत. ते डॉक्टरांना म्हणाले, "त्याला रोग न्हाई डॉक्टर. पोरगा गेला तवापासून त्यानं अन्न सोडलंय. झुरणीला लागलाय."

मोहनरावांनी रक्त काढून नेलं. पुढच्या फेरीला आले ते कपाळाला आठ्या घालून. रक्ताचे आकडे बघून पहिल्यांदा वाटलं किडन्या गेल्या, असं म्हणाले. पण किडन्या गेलेलं कुत्रं एका बाटलीनं भाकरी मागायला लागत नाही. शिवाय रक्तात मीठ फार कमी होतं, आणि पोटॅशियम म्हणून दुसरा एक क्षार असतो तो फार जास्त. त्यानंच काळीज सावकाश झालेलं.

"किडनीच्या डोक्यावर शेंगदाण्याएवढ्या दोन गाठी असतात," ते सांगत होते. "माणसाला असतात, कुत्र्यालाही. त्यांचा रस रक्तात मीठ धरून ठेवतो. आणि जीव घाबरला, थकला, की अंगाला बळ देतो. त्या गाठी सुकल्या तर मीठ लघवीवाटे वाहून जातं. मग जनावर मीठ शोधत फिरतं."

बोलता बोलता त्यांची नजर खंड्यावर गेली. तो बनियन चाटत होता. डॉक्टर थांबले. खाली बसले, बनियनाचं टोक बोटांत घेऊन चोळलं.

"हे कुणाचं?"

"उत्तरेश्वरचं," मी म्हटलं. "धुतलं न्हाई. घामाचं हाय."

डॉक्टरांच्या तोंडाकडं बघून मला कळलं, आणि मला वाटलं, यांनी बोलू नये.

मालकांनाही कळलं. "तसं काय नसतंय डॉक्टर," ते म्हणाले. "तो पोरासाठी चाटतोय."

"असंल. मी कुठं न्हाई म्हणतो?" मोहनराव हळू बोलत होते. "पण एक सांगा बंकटराव. हे कधीपासून? पोरगा जायच्या आधी कधी असा पडला होता का? ओकला होता? दोन्ही रोग दिसायला सारखेच. झुरणीचा असंल तर पोरगा गेल्यावर सुरू झाला असंल. गाठीचा असंल तर त्याच्याही आधी. परभणीला माझे गुरुजी हायेत, तिथं तपासणी होईल. पण त्या तपासणीला लागणारं इंजेक्शन लांबून मागवावं लागतं. सहजासहजी मिळत न्हाई, उगीच मागवता येत न्हाई. आधीचं कुणाला माहीत हाय?"

आधीचं एकालाच माहीत होतं. बिभीषण छावणीतच होता, पलीकडच्या रांगेत, दोन शेरडं आणि एक वासरू घेऊन. आम्ही पाण्यावर गेलो की तो आडोशात जायचा.

"न्हाई कुणाला माहीत," मालक म्हणाले आणि उठून गेले.

डॉक्टर पुन्हा आले त्या सकाळी खंड्या दुसऱ्यांदा पडला. या खेपेला डोळे पांढरे झाले होते. बाटली लावली तरी लवकर हालचाल दिसेना. डॉक्टर त्याच्या छातीला हात लावून बसले. म्हणाले, "बंकटराव, दरवेळी न्हाई उठायचा हा."

मालक उभे होते. मग त्यांनी पलीकडच्या रांगेकडं तोंड करून एवढ्या मोठ्यानं हाक मारली की बैलांनी माना वर केल्या.

"बिभ्या! ये बिभ्या!"

बिभीषण आला. चप्पल न घालताच आला. समोर येऊन मान खाली घालून उभा राहिला.

"डॉक्टर विचारत्यात ते सांग."

"कुत्रं आधी कधी आजारी होतं का?" डॉक्टरांनी विचारलं.

"होतं की. दिवाळीपासनंच होतं," बिभीषण म्हणाला. "फडात पडायचं. ओकायचं. दोन दिसांनी आपोआप बरं व्हायचं. उत्तरेश्वर त्याला मीठ-भाकर चारायचा. आमी म्हणलो, अरे केसं झडतील त्याची, कावून देतो? तो म्हणायचा, मागतोय तर देतो, त्याला बरं वाटतंय." तो थांबला. "अन् त्या दिवशी पण पडलं होतं."

"कोणत्या दिवशी?"

बिभीषणनं मालकांकडं बघितलं. मालक म्हणाले, "बोल."

"तात्या, फडातून कारखान्याकडं निघालतो. दोन ट्रॉल्या भरलेल्या. आमी पुढच्या ट्रॉलीच्या मोळ्यांवर बसलेलो. खंड्या मागनं पळत होता, पळता पळता रस्त्यात बसला. उत्तरेश्वर म्हणला, ते ऱ्हाईल की रं मागं. टॅक्टर चढाला सावकाश झालता, ह्यानं खाली उडी मारली. कुत्र्याला उचललं, पळत आला, मोळ्यांवर माझ्याकडं वर दिलं. अन् दोन ट्रॉल्यांच्या मधल्या दांडीवर पाय दिऊन वर चढायला लागला. उसाची पानं पडलेली, दवानं ओली. पाय सटकला." बिभीषणनं आपले दोन्ही हात पुढं धरले, जसं काही त्यांत अजून काही होतं. "माज्या दोन्ही हातांत कुत्रं होतं तात्या. त्यानं हात वर केलता. मला हात देता आला न्हाई."

बाटलीतलं पाणी थेंब थेंब पडत होतं. सारजाबाईनं पदर तोंडाला लावला.

मालकांनी फक्त एवढंच विचारलं, "म्हणजे तो आधीपासनंच आजारी होता."

"व्हय तात्या."

"म्हणजे डॉक्टर, तो पोरासाठी न्हाई झुरत."

मोहनरावांनी मान वर केली. "ते मला न्हाई सांगता यायचं बंकटराव. त्याला मीठ पुरत नव्हतं, एवढंच मला कळतं."

खंड्या तेवढ्यात हलला, पाय ताणून डोळे उघडले. डॉक्टर म्हणाले, इंजेक्शन मी मागवतो, परवा सकाळी ह्याला घेऊन परभणीला जायला पाहिजे. ह्या बाटलीवर अन् मिठाच्या पाण्यावर तोवर तग धरील. आणि ते गेले.

मालक खंड्याकडं पाठ करून बसले. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही त्यांनी त्याच्याकडं बघितलं नाही. पाणी मीच पाजलं, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणं चिमूटभर मीठ घालून. तो पाणी पिऊन मालकांच्या पाठीशी जाऊन बसायचा, ते सरकून बसायचे. तो पुन्हा जवळ सरकायचा.

सारजाबाई मला बाजूला घेऊन म्हणाली, "ह्याच्यापायी तुझं लेकरू गेलं ग. द्या सोडून कुठंतरी. रोज डोळ्यांपुढं कशाला?"

मला तिचा राग आला नाही. माझ्याही मनात ते येऊन गेलं होतं. त्या मुक्या जिवाकडं बघितलं की मला दवानं ओली पानं दिसायची. पण संध्याकाळी मी मालकांपुढं भाकरी ठेवली आणि म्हटलं, "हा मेला तर उत्तरेश्वर खाली कशाला उतरला होता?"

त्यांनी ताट पुढं ओढलं नाही, ढकललंही नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी जीप आली. डॉक्टरांनीच धाडली होती. मालक धोतर नेसून, टोपी घालून तयार बसलेले. पलीकडच्या रांगेकडं बघून म्हणाले, "बिभ्या, चल बरोबर."

बिभीषणनं खंड्याला उचललं आणि जीपकडं निघाला. जीपच्या मागच्या पायरीचा पत्रा मोडलेला होता. बिभीषण कुत्र्याला छातीशी धरून पाय वर टाकायला लागला, तसे मालक घाईनं पुढं झाले.

"दे इकडं," ते म्हणाले. "माझ्याकडं दे. तुझे हात मोकळे राहू दे."

बिभीषण तिथंच, जीपच्या फळीला डोकं टेकवून रडला. मालक खंड्याला मांडीवर घेऊन आत बसून राहिले. त्यांनी त्याला गप्प केलं नाही. त्याचं रडून होईपर्यंत ड्रायव्हरलाही थांबवलं.

परभणीला तपासणी झाली. आधी रक्त काढलं, मग ते इंजेक्शन दिलं, तासाभरानं पुन्हा रक्त काढलं. गाठी जिवंत असतील तर इंजेक्शननं जाग्या होतात, दुसऱ्या रक्तात त्यांचा रस वाढलेला दिसतो. खंड्याच्या दोन्ही रक्तांत काहीच नव्हतं. गाठी सुकून गेल्या होत्या. कशानं, तर ते कुणालाच सांगता आलं नाही. दोन प्रकारच्या गोळ्या मिळाल्या, आयुष्यभर द्यायच्या. आणि भाकरीत मीठ.

खंड्या उठला. आठवडाभरात छावणीभर पळायला लागला. सारजाबाईच्या म्हशीवर भुंकायला लागला, तिच्या सासूची चप्पल पळवून न्यायला लागला. सारजाबाई शिव्या द्यायची आणि हसायची. आणि बनियन तसंच पडून राहिलं. खंड्या त्याच्यावरून इकडून तिकडं जायचा, वाससुद्धा घ्यायचा नाही.

मालक सकाळी गोळी द्यायचे. विसरायचे नाहीत. पण आता आल्यागेल्याला सांगायला त्यांच्याकडं काही उरलं नव्हतं. लोक विचारायचे, कुत्रं कसं हाय? ते म्हणायचे, बरं हाय. आणि पुढं बोलणं नसायचं.

पाऊस झाला आणि छावणी मोडली. जनावरं आपापल्या गावाला निघाली. मी भांडी गोळा करत होते. मालक दिसेनात म्हणून मी आडोशामागं गेले. ते जमिनीवर बसले होते, हातात ते बनियन. त्यांनी ते नाकाला लावलं, मग तोंडाला लावलं, मग पुन्हा नाकाला. चाटून चाटून त्याची चिंधी झाली होती. पोराचा घाम त्यात राहिला नव्हता, वास राहिला नव्हता. सगळं खंड्यानं खाल्लं होतं.

"काही उरलं न्हाई ग ह्यात," ते मला म्हणाले. आणि मग त्यांच्या तोंडातून एक आवाज निघाला. इतक्या वर्षांच्या संसारात तसला आवाज मी ऐकला नव्हता. ते उत्तरेश्वरचं नाव घेऊन रडले. गुडघ्यात डोकं घालून, लहान लेकरासारखे हुंदके देत. मी जवळ बसले. मला दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

दावणीकडून खंड्या धावत आला. जरा लांब थांबला, मोडका कान हलवला. मग मालकांच्या गुडघ्यांवर पाय ठेवून त्यांचं तोंड चाटायला लागला. गाल, डोळे, मिशा.

"सर तिकडं," मालक रडता रडता त्याला ढकलत म्हणाले. "मिळतंय की तुला आता मीठ."

खंड्या सरला नाही.